बेडोकमधलं सासर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे असं सांगितलं की इथला मराठी माणूस मला दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘कंबर फार धरते हो, काय करू?’ आणि दुसरा, ‘आमच्या भाच्याला इकडे नोकरी लागेल का?’ पहिला प्रश्न फिजिओथेरपिस्टचा आणि दुसरा सरकारचा, हे समजावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्त झाल्यापासून मी दोघांनाही गरम पाण्याने शेका म्हणून सांगते. अजून कोणाची तक्रार आलेली नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी ‘सेवाव्रती आयुष्यातले प्रेरणादायी अनुभव’ मागितले. मी बरंच आठवून पाहिलं. प्रेरणा घ्यावी असं फारसं हाती लागलं नाही. हे करू नये, असं मात्र पोत्याने निघालं. त्यातलंच एक इथे लिहिते आहे. ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या मुलीची रीतसर परवानगी घेतली आहे. ‘आमची नावं बदला, पण नवऱ्याचं टक्कल तसंच ठेवा,’ एवढीच तिची अट होती. म्हणून तिला माधुरी म्हणते आणि तिच्या वडिलांना आपटेकाका.

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या एका वृद्धाश्रमात मी नोकरी केली. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे लगेच डोळ्यांना पदर लागतो, म्हणून सांगते, आमचं ‘होम’ स्वच्छ, थंडगार आणि बऱ्यापैकी गोंगाटाचं होतं. खिडकीतून हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांचा बाजार, दिसायचं आणि वाऱ्याबरोबर तळलेल्या लसणाचा वास यायचा. तिसरा मजला डिमेन्शिया झालेल्यांचा. तिथल्या दाराला आकड्यांचं कुलूप. रहिवाशांना तो आकडा लक्षात राहत नाही म्हणून ते बाहेर पडू शकत नाहीत, अशी ती योजना. मलाही तो राहायचा नाही. दोनदा मी दारापाशी अंकल-आंटी लोकांच्या घोळक्यात उभी राहून कोणी सोडतंय का याची वाट पाहिली आहे.

माझं काम काय, तर औषधं नर्स देते, आंघोळ मदतनीस घालतात, जेवण स्वयंपाकघरातून येतं. हे सगळं झाल्यावरही जो भलामोठा दिवस उरतो, तो माझा. आठवण गेली तरी माणसाच्या हातांना कामाची भूक असते. त्या हातांना काय द्यावं म्हणजे माणूस चार घटका सुखात राहील, हे शोधायचं. मीटिंगमध्ये याला ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणत. मी हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने उच्चारला आहे, की आमचे हे हार्बरफ्रंटच्या शिपिंग कंपनीतून दमून आले आणि मी समोर भेंडीची भाजी ठेवली की म्हणत, ‘आज माझ्या क्वालिटी ऑफ लाइफचं काही खरं नाही.’

माझ्या कर्तबगारीचा नमुना म्हणून बस स्टॉप सांगते. आमच्याकडचे एक अंकल आयुष्यभर बस चालवत आलेले. दुपार कलली की ड्युटीवर जायला निघायचे आणि दार उघडेना म्हणून लाथा मारायचे. मी कुठेतरी वाचलं, की अशा माणसांसाठी आत खोटा बस स्टॉप उभारतात. लगेच कॉरिडॉरमध्ये बाक, खांब, बसच्या नंबरांची पाटी असं सगळं मांडलं. फोटो निघाले, केक कापला. अंकल शांतपणे येऊन बाकावर बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासाने ते उठून माझ्यापाशी आले आणि बस येत नाही म्हणून त्यांनी मला असं काही झापलं, की बाकी सगळे प्रवासीही जागे झाले. ड्रायव्हर माणूस तो. उशिरा येणाऱ्या बसची चीड त्याला जास्तच. शेवटी तो बाक भेटायला येणाऱ्या नातेवाइकांच्या उपयोगाचा झाला.

दुसऱ्या आमच्या आंटी गो. त्यांचा नूडल्सचा स्टॉल होता. मी त्यांना रंग आणि कागद दिले, भावना व्यक्त करायला. त्यांनी पाण्याची वाटी माझ्या अंगावर रिकामी करून त्या व्यक्त केल्या. मग एके दिवशी स्वयंपाकघरातून मोड आलेल्या मुगाची टोपली आणली. इथे त्या मोडांची शेपटं खुडून घेतात. आंटींनी टोपली पुढे ओढली आणि जेवणाच्या घंटेपर्यंत मान वर केली नाही. मीही शेजारी बसून खुडत होते. माझ्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या, “अय्या, सो स्लो ला, धिस गर्ल.” पन्नाशी उलटल्यावर कोणी ‘गर्ल’ म्हटलं, म्हणून मी ते प्रशस्तिपत्रक समजून घेतलं.

आता आपटेकाका. मिरजेच्या पोस्टात पत्रं वेगळी करण्याचं काम केलेले, ऐंशीच्या पुढचे, शेलाटे, शर्टाचं वरचं बटण लावलेले. बायको गेल्यावर एकुलत्या एक मुलीकडे सिंगापूरला आले. माधुरी आणि शिरीष दोघंही बँकेत, बुकित तिमाहला कॉन्डोमध्ये राहणारे, आता इथलेच नागरिक झालेले. काही वर्षं बरी गेली. मग काका लिफ्टमध्ये हरवायला लागले, रात्रीचे गॅस चालू करायला लागले. घरी ठेवलेली मदतनीस एकदा त्यांच्या मागे बुकित तिमाहच्या हमरस्त्यावर धावली, तेव्हा माधुरीने हात टेकले आणि त्यांना आमच्याकडे आणलं.

काकांना काय काम द्यावं हे शोधायला मला शून्य बुद्धी लागली. जुनी पाकिटं समोर ठेवली की त्यांचे हात आपोआप चालत. हे सांगली, हे जयसिंगपूर, हे कोल्हापूर. पत्त्यावर चिनी अक्षरं का असेनात, काकांना गाव बरोबर दिसायचं. आमची म्यानमारची नर्स थिडा पाकिटं उचलायला गेली की काका म्हणत, “बाई, कोल्हापूरचं टपाल सांगलीत टाकू नका. लोक वाट बघतात.” तिला मराठीचा गंध नाही, पण ती “ओके अंकल” म्हणे आणि सांगलीला हात लावत नसे.

आमच्या मेट्रन सिस्टर लिम फार व्यवहारी बाई. काका आल्या दिवशीच मला म्हणाल्या, “यू सेम लँग्वेज, राइट? सो यू टेक केअर ऑफ हिज मील्स, कॅन?” मी कॅन म्हटलं. इथे कॅन म्हटल्यावर संपलं.

आणि मी पेटले. इतकी वर्षं होक्कियन, मलाय, तमिळ म्हाताऱ्यांशी तीन-तीन शब्दांत आणि बाकी हातवाऱ्यांत बोललेली मी; आता एक हक्काचा मराठी माणूस मिळाला होता. पहिल्याच दुपारी त्यांच्यासमोर बसले आणि माझ्या सगळ्या मायेनिशी म्हणाले, “बाबा, मला तुमची मुलगीच समजा. हे आपलंच घर आहे. जेवा पोटभर.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि हात जोडले. “नको बाळ. आत्ताच घरून जेवून निघालो.”

“थोडं तरी. वरणभात आहे.”

“अजिबात भूक नाही. तुझं सगळं ठीक आहे ना? सासूबाई कुठे दिसत नाहीत?”

“त्या पुण्यात असतात.”

“असं होय. बरं, मग येऊ आम्ही?”

मी हे सगळं व्यवस्थित टिपून ठेवलं: जेवल्याचा भास होतो, घरी जायची ओढ आहे, संभाषण सुसंगत नाही. प्रत्यक्षात संभाषण इतकं सुसंगत होतं, की आपल्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. पण मी तज्ज्ञ होते ना.

थिडा सकाळी “अंकल, ईट” म्हणून उपमा भरवायची, तो ते खात. रात्रीही खात. दुपारी मी समोर आले की पाणीसुद्धा नको. साध्या माणसाने यावरून काय ते ओळखलं असतं. मी उलटा निष्कर्ष काढला: थिडाजवळ ते नाइलाजाने खातात, माझ्याजवळ मन मोकळं करतात. मग मी घरून डबे न्यायला लागले. मेतकूट-भात झाला, थालीपीठ झालं, मऊ खिचडी झाली. टेक्का मार्केटमधून अळू आणून फदफदं केलं. काका प्रत्येक डब्याचं कौतुक करत. “सुगरण आहेस. सासरची मंडळी नशीबवान.” आणि ताट तसंच.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण मी तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या नर्स-मदतनीस मुलींचं प्रशिक्षण घेतलं. ‘आपुलकीची हाक’ असा विषय होता. म्हटलं, अंकल अंकल काय करता, त्यांना बाबा म्हणा, वाकून नमस्कार करा, मुलीसारखं बोला. मुली गुणी. दुसऱ्या दिवसापासून म्यानमार, फिलिपिन्स आणि केरळ अशा तीन दिशांनी “बाबा, जेवा” सुरू झालं. आणि काकांनी सकाळचा उपमाही बंद केला. रात्रीचंही बंद.

वजन घटायला लागलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोठी दिसू लागली. पाकिटं वेगळी करताना हात मध्येच थांबायचे. डॉक्टर आले, आहारतज्ज्ञ आली, गिळायचं तपासणारी थेरपिस्ट आली. गिळायला काही अडचण नव्हती. पुढच्या आठवड्यापर्यंत असंच चाललं तर नाकातून पोटात नळी घालायची, असं ठरलं.

नळी म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरच्यांना ते सोयीचं वाटतं. नळी माणसाला खुपते, म्हणून तो ती ओढून काढतो. ओढू नये म्हणून हातांत बॉक्सिंगसारखे जाड मोजे चढवतात. ज्याला कळतं, तो ते सहन करतो. ज्याला कळत नाही, तो दिवसभर आपल्या हातांकडे बघत राहतो. पोट भरतं, जीव वाचतो, काही वेळा दुसरा इलाजच नसतो, हे मी मान्य करते. पण आपटेकाकांच्या हातांत ते मोजे आले की कोल्हापूर-सांगली संपलं. मग त्यांच्या दिवसात काहीच उरणार नव्हतं. मला रात्री झोप येईना. आमच्या ह्यांनी विनोद करणं बंद केलं, यावरून माझी अवस्था ओळखा.

माधुरी रोज संध्याकाळी ऑफिसातून यायची. त्या शुक्रवारी ती रजा टाकून दुपारीच आली. अठ्ठावन्नाची, कापलेले करडे केस, नीटनेटकी; आवाज चढवून बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. ती घास घेऊन पुढे झाली. मी शेजारी उभी.

“बाबा, एक घास. माझ्यासाठी.”

काकांनी तिचा हात धरला. फार हळुवार. “असा हट्ट करू नये. नातवाचं तोंड दिसलं की जेवेन हो पोटभर. तोवर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये. रीत आहे.”

माझ्या डोक्यात कोणीतरी तांब्या घातल्यासारखं झालं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही! माझे स्वतःचे आजोबा माझ्या आत्याकडे जाताना पाण्याची बाटली बरोबर नेत आणि ओट्यावर बसूनच परत येत. आणि मी, पुण्याच्या पेठेत वाढलेली, काकांसमोर मंगळसूत्र घालून ‘मला मुलगी समजा’ म्हणून बसले होते. वर तीन देशांच्या मुलींना त्यांच्या लेकी करून ठेवलं होतं. त्या बिचाऱ्याला ज्या दिशेला बघावं तिकडे सासर. थिडा ‘अंकल’ म्हणायची तोवर निदान एक परक्याचं घर होतं, जिथे त्यांना जेवता येत होतं.

माधुरी उठून बाहेर गेली. मला वाटलं, तिलाही कोडं सुटलं म्हणून गेली असेल. मी उत्साहाने तिच्या मागे. ती बस स्टॉपच्या बाकावर बसली होती.

“अहो, सापडलं की!” मी म्हटलं. “एवढं सोपं! सांगून टाकू, नातू झाला म्हणून. मी पेढे आणते, टेक्काला मिळतात.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “मला मूल नाही,” ती म्हणाली. “खूप केलं आम्ही. नाही झालं.”

मी उभीच राहिले. कुठल्या शास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही, मराठीत जीभ झडणं म्हणतात.

“लग्नानंतर कित्येक वर्षं बाबा आमच्या ठाण्याच्या घरी यायचे आणि न जेवता जायचे,” ती सांगत होती. “आई माझ्याकडे बघून रडायची. मला वाटायचं, हे जेवत नाहीत म्हणजे दर वेळी मला आठवण करून देतात. मग आई गेली, बाबा इकडे आले. पहिल्या रात्री मी ताट वाढलं. ते बसले आणि जेवले. काही बोलले नाहीत. नुसते जेवले. मला त्या दिवशी काय मिळालं ते मी शिरीषलासुद्धा सांगू शकले नाही. आणि आता नेमकं तेच विसरले.”

या आजारात वरचे थर आधी जातात. अलीकडचं पुसतं आणि जुनं जसंच्या तसं वर येतं. हे मी शेकडो नातेवाइकांना छान चित्र काढून समजावलं आहे. त्या बाकावर मला ते चित्र काढायचा धीर झाला नाही. नुसती शेजारी बसले.

“खोटं बोलायला माझी ना नाही,” ती म्हणाली. “पण हे एक खोटं माझ्या तोंडून निघणार नाही. आणि तुमच्याही निघू नये.”

नातवाचा विषय तिथेच संपला. मी सगळ्या मुलींना गोळा करून ‘आपुलकीची हाक’ मागे घेतली, पण थिडा पुन्हा ‘अंकल’ म्हणाली तरी काका हसून म्हणाले, “आता लाजायला काय झालं, बाळ?” मी पेरलेलं सहज उपटून निघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जेवणाच्या वेळी माधुरी शिरीषला घेऊन आली. कॉरिडॉरमध्येच तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढून शिरीषच्या हातात दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून हात धरून उभा राहिला. तिने बांगड्या काढल्या, टिकली तेवढी ठेवली. मलाही म्हणाली, “तुम्हीही काढा.” मी काढलं. मग ती आत गेली आणि शाळेतून आल्यासारखी धपकन काकांशेजारी बसली.

“बाबा, भूक लागली. तुम्ही बसल्याशिवाय आई वाढत नाहीये.”

काका बघत राहिले. “तू कधी आलीस? एकटीच आलीस? घरचे?”

“कुठले घरचे? माझं लग्न कुठे झालंय अजून?”

त्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. मग हातांकडे. चेहऱ्यावरचं ओझं हलकं होत गेलं ते मला दिसलं. “असं होय,” ते म्हणाले. “मग वाढा की.”

त्या दिवशी काका भात जेवले, पुन्हा घेऊन जेवले, ताक मागून प्यायले. थिडा दाराशी उभी राहून टाळ्या वाजवायची तेवढी राहिली होती. माधुरी शेवटपर्यंत हसत होती आणि बाहेर येऊन शिरीषच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेल्या बाईने आपलं लग्न पुसून टाकलं होतं, बापाने दोन घास खावेत म्हणून.

माधुरी रोज संध्याकाळी अशीच येऊन बसू लागली. वजनाचा काटा थांबला, मग हळूहळू वर सरकला. डॉक्टरांनी नळीचा विचार बाजूला ठेवला. सिस्टर लिमनी मला मीटिंगमध्ये विचारलं, कुठली पद्धत वापरली? मी म्हणाले, “कल्चरली अप्रोप्रिएट अप्रोच.” असं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

पण लग्न न झालेली मुलगी घरात म्हटल्यावर मराठी बाप नुसता जेवून स्वस्थ बसेल का? काकांना घोर लागला. येईल त्याला विचारायचे, कोणी चांगलं स्थळ आहे का? फिलिपिनो वॉर्डबॉयला उंची विचारली. तपासायला आलेल्या तमिळ डॉक्टरला गोत्र विचारलं. आणि रविवारी शिरीष भेटायला आला, तेव्हा त्याला खुर्ची देऊन समोर बसवलं.

“शिक्षण?”

“बी.कॉम. मग सीए.”

“नोकरी?”

“बँकेत.”

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, “बाकी ठीक, पण वय जरा जास्त वाटतं. आणि केस?”

शिरीष साठीला टेकलेला. हसून हसून माधुरीच्या पोटात दुखलं. पण मी हसता हसता गार पडले. काकांनी होकार दिला तर? मुलगी पुन्हा सासरी गेली आणि ताट पुन्हा परत.

मग माझ्यातली तज्ज्ञ पुन्हा जागी झाली. मी शिरीषला नापास होण्याचं शिकवायला सुरुवात केली. माणूस जन्मात कुठल्या मुलाखतीत पडलेला नाही. त्याला ते जमेना. एका रविवारी त्याने सांगितलं, बँकेने काढून टाकलं. काका कळवळले. “होतं असं. खचून जाऊ नका, दुसरी मिळेल.” पुढच्या रविवारी मी त्याला तंबाखू खायला लावली, म्हणजे खातो असं सांगायला लावलं. काकांनी हात पुढे करून विचारलं, “आहे का?” दर रविवारी तो खुर्चीवर बसायचा, दर रविवारी केसांवर येऊन गाडी अडायची आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. आठवडाभरात काका सगळं विसरायचे आणि रविवारी नवीन स्थळ यायचं. त्याचं टक्कल आमच्या उपचारपद्धतीचा मुख्य आधार होतं.

बरेच रविवार असे गेले. मग एका रविवारी काकांची तब्येत जरा नरम होती. उशीला टेकून बसले होते. शिरीष नेहमीसारखा समोर आला. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. बराच वेळ त्याच्याकडे पाहून म्हणाले, “माझ्या मुलीला सांभाळाल ना?”

मी त्यांच्या मागे वरणाची वाटी घेऊन उभी होते. नाही म्हण, कसंतरीच म्हण, काहीतरी खोड काढ, अशा खुणा मी डोळ्यांनी, भुवयांनी, चमच्याने करत होते. शिरीषने माझ्याकडे बघितलंच नाही.

“सांभाळीन,” तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. मग माधुरीकडे वळले. “तुला पसंत आहे का? नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. मी आहे.”

माधुरीने नंतर मला सांगितलं, की तिच्या खऱ्या लग्नाच्या वेळी तिला हे कोणीही विचारलं नव्हतं. त्या वेळी बैठक झाली, सुपारी फुटली आणि तिला आतल्या खोलीत कळवण्यात आलं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मला फक्त ताट दिसत होतं, नळी दिसत होती आणि ते मोजे दिसत होते. तिने नुसतं ‘नाही’ म्हटलं की झालं. तिलाही ते माझ्याइतकंच कळत होतं.

“पसंत आहे, बाबा,” ती म्हणाली.

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आंटी गो पलीकडच्या टेबलावर मोड खुडत होत्या तेवढाच आवाज. मी वाटी खाली ठेवावी की वर धरावी, मला कळेना.

“बरं झालं,” काका शेवटी म्हणाले. मग उशीवरून सरळ झाले, बाह्या मागे सारल्या आणि ताट स्वतःच्या हाताने पुढे ओढलं. “मग वाढा आता. एकदा का ही सासरी गेली, की हिच्याकडचं पाणीसुद्धा घेता यायचं नाही. आहे तोवर जेवून घेतो हिच्याबरोबर. ये गं, बस. माझ्याच ताटात बस.”

माधुरी त्यांच्या ताटात बसली. भात त्यांनीच कालवला, पहिला घास तिला दिला आणि दुसरा आपण घेतला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्यांची मुलगी व्हायला धडपडणारी मी, रडत उभी होते.

“अहो स्वयंपाकीणबाई,” ते म्हणाले, “बघत काय उभ्या राहिलात? वरण आणा.”

मी वरण वाढलं.